पित्त वाढलंच नव्हतं : सहा वर्षांच्या एका फाइलचा उलगडा

मराठीत पित्त वाढतं, उसळतं, खवळतं. ‘माझं पित्त कमी झालंय’ म्हणत कुणी दवाखान्यात येत नाही. खरं पित्त यकृतातून येतं आणि आम्ल जठरातून, पण बोलताना आपण दोघांनाही एकाच पोत्यात घालतो. ते असो. ज्या तक्रारीला रोजच्या भाषेत शब्दच नाही, ती डॉक्टरच्या कानात शिरायला वेळ लागतो. या रुग्णाच्या बाबतीत सहा वर्षं लागली, आणि त्यातलं शेवटचं सव्वा वर्ष माझ्या खात्यावर आहे.

रुग्ण शाळेत शिकवतात, वय ४३. नाव सांगत नाही, इथे त्यांना बाईच म्हणतो. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा तक्रार अशी होती: चार घास खाल्ले की पोट गच्च, जेवणानंतर दोन-तीन तास फुगलेलं, करपट ढेकर, कधीमधी छातीत जळजळ. जिना चढताना धाप लागते, दुपारनंतर उभं राहून शिकवणं जड जातं. थायरॉइडची गोळी जवळपास पाच वर्षांपासून. आम्ल बंद करणारी पॅन्टोप्राझोल ही गोळी तीन वर्षांपासून, कधी सलग, कधी सोडून. दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीतून जठराची तपासणी झालेली, तिच्या रिपोर्टात ‘सौम्य जठरदाह’ आणि ‘एच. पायलोरी निगेटिव्ह’, म्हणजे जठरात दाह करणारा तो जंतू सापडला नाही. मोठ्या आतड्याची तपासणीही झालेली, तिच्यात काही नाही. हिमोग्लोबिन ९.६, आणि अंगातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन अवघं ६.

मी पॅन्टोप्राझोल रोज ४० मिलिग्रॅम करून दिली आणि लोहाची गोळी लिहिली. लोहाची गोळी याआधी दोनदा दिली गेली होती आणि दोन्ही वेळा हिमोग्लोबिन जागचं हललं नव्हतं, हे फाइलमध्ये स्वच्छ दिसत होतं. मी ते वाचलं आणि ‘नियमित घेतली नसणार’ असं मनातच ठरवून मोकळा झालो. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, “नाही हो, पहिल्यासारखाच.” मी कागदावर ‘पाळी?’ असं प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं. चाळिशीतल्या स्त्रीच्या अंगात लोह कमी दिसलं की हे उत्तर आमच्या जिभेवर आधीपासून तयारच असतं.

चार महिन्यांनी बाई आल्या त्या ठाम मत घेऊन. सकाळी उपाशीपोटी अर्धा कप पाण्यात पाव चमचा खायचा सोडा घालून प्यायचा, घड्याळ लावून बसायचं आणि पाच मिनिटांत ढेकर आला नाही तर जठरात आम्ल कमी, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. वाचून थांबल्या नाहीत. पाच दिवस करून पाहिलं आणि वहीत रेघा मारून तक्ता केला होता. ढेकर या रकान्यात लिहिलं होतं: नाही, नाही, ११ मिनिटांनी, नाही, नाही. खाली शिक्षकी अक्षरात निष्कर्षही होता.

“डॉक्टर, माझं अ‍ॅसिड कमी आहे. त्याची टेस्ट लिहून द्या.”

मी त्यांना सोड्याच्या परीक्षेतली खोट समजावून सांगितली. सोडा आणि आम्ल भेटले की कार्बन डायऑक्साइड होतो हे खरं. पण ढेकर किती वेळात येईल हे अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू किती घट्ट आहे, पाण्याबरोबर किती हवा गिळली गेली, जठर किती चटकन रिकामं होतं यावरही ठरतं. त्यातून त्या पाचही दिवस पॅन्टोप्राझोल घेतच होत्या. आम्ल बंद करणारी गोळी घेऊन आम्ल आहे का ते पाहायचं, म्हणजे नळाची कळ बंद करून टाकीत पाणी आहे का ते पाहण्यासारखं. बाईंना ते पटलं. माझं बोलणं मलाही आवडलं, आणि मी तिथेच थांबलो. पद्धत चुकीची होती म्हणून मी प्रश्नही तिच्याबरोबर टाकून दिला.

त्या वेळी त्यांच्या पर्समध्ये बीटेन हायड्रोक्लोराइडच्या, म्हणजे बाहेरून आम्ल पुरवणाऱ्या कॅप्सूलची बाटलीही होती. जळजळ होईपर्यंत रोज एकेक वाढवत जायची, जळजळ झाली की एक कमी करायची, असा ‘प्रयोग’ त्याच लेखात दिला होता. त्या अधूनमधून डोकेदुखीसाठी वेदनाशामक घेत. वेदनाशामकाने जठराचं अस्तर आधीच हुळहुळं होतं, त्यावर आम्लाच्या कॅप्सूल म्हणजे अल्सरला आमंत्रण. ती बाटली बंद करायला सांगितली. त्या दिवसात मी केलेली तेवढी एक गोष्ट आजही बरोबर वाटते.

आम्ही डॉक्टर या तक्रारीला बहिरे का असतो, याला कारणं आहेत. पहिलं म्हणजे लक्षणं. पोट फुगणं, लवकर भरणं, ढेकर, जळजळ ही यादी आम्ल जास्त असतानाही तीच आणि कमी असतानाही तीच. त्यावरून कुणालाच, अगदी कितीही अनुभवी माणसाला, दिशा सांगता येत नाही. दुसरं कारण इतिहासातलं आहे. जठरातलं आम्ल हायड्रोक्लोरिक आहे हे विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्ये मांडलं आणि पुढे दीडशे वर्षं डॉक्टर ते आम्ल नळी घालून मोजत राहिले, विशेषतः अल्सरवर शस्त्रक्रिया होत तेव्हा. १९८८ मध्ये पॅन्टोप्राझोलच्याच जातीचं ओमेप्राझोल आलं, आम्ल एका कॅप्सूलने बंद करता येऊ लागलं, आणि मोजायची गरजच कुणाला वाटेना. नाकातून नळी, आम्ल सोडायला लावणारं पेन्टागॅस्ट्रिनचं इंजेक्शन, दर पंधरा मिनिटांनी रस काढून तपासणं ही पद्धत आजही पुस्तकात आहे. करून देणारं माणूस शोधावं लागतं. हायडलबर्ग कॅप्सूल म्हणून एक छोटी रेडिओ-गोळी असते, ती गिळली की जठरातला पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (जितका लहान तितकं आम्ल जास्त), बाहेरच्या यंत्रावर दिसतो. तीही मोजक्याच ठिकाणी मिळते. म्हणजे ‘टेस्ट लिहून द्या’ म्हणणाऱ्या बाईंना हातात द्यायला माझ्याकडे सरळ अशी चिठ्ठी नव्हती. पण एवढं सांगायला हवं होतं आणि मी तेही सांगितलं नाही.

गाडी रुळावर आली ती पोटामुळे नाही, थायरॉइडमुळे.

त्यानंतर अकरा महिन्यांनी बाईंचा टीएसएच पुन्हा वाढून ७.८ आला, म्हणजे थायरॉइडची गोळी कमी पडत होती. मी ती गोळी, लेव्होथायरॉक्सिन, १०० वरून १२५ मायक्रोग्रॅम लिहायला पेन उचललं आणि सहज विचारलं, सुरुवात कितीवर होती? त्यांनी फाइल उलगडली. बाईंची फाइल म्हणजे फाइल, प्रत्येक चिठ्ठी तारखेप्रमाणे लावलेली. ५०, मग ७५, मग १००, आता १२५. वजन सहा वर्षांत दोन किलोही हललेलं नाही. गोळी पहाटे उपाशीपोटी, पाण्याबरोबर, नंतर तासभर काही नाही. म्हणजे गोळी पोटात जात होती आणि रक्तात पोहोचत नव्हती. लोहाच्या गोळीचंही तेच होतं. दोन वेगळ्या गोळ्या, दोन वेगळी कारणं, असं मी वर्षभर धरून चाललो होतो.

मी एका जुन्या लेटरहेडच्या पाठीमागे चार उभे रकाने आखले: वर्ष, थायरॉइडचा डोस, फेरिटिन, आम्लाची गोळी (म्हणजे आम्ल बंद करणारी, पॅन्टोप्राझोल). बाई फाइलमधून वाचत गेल्या, मी भरत गेलो. पाचवा रकाना नंतर घातला, लाल पेशींच्या आकाराचा, म्हणजे एमसीव्हीचा. तो माझ्या डोळ्यांत सलू लागला होता. फेरिटिन ६ असलेल्या माणसाच्या लाल पेशी लहान असायला हव्यात. बाईंचा एमसीव्ही ८६, अगदी नेमस्त. पण शेजारचा आकडा, पेशींच्या आकारातली तफावत सांगणारा आरडीडब्ल्यू, १९ टक्के. काही पेशी लहान, काही मोठ्या, आणि सरासरी काढली की सगळं ठीक. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी पडलं की मोठ्या. दोन्ही एकाच वेळी कमी असतील तर एकमेकांना झाकतात. त्याच संध्याकाळी बी-१२ तपासलं: १६८, कमीच.

लोह, बी-१२ आणि थायरॉइडची गोळी या तिघांचा रस्ता एकाच दारातून जातो. अन्नातलं लोह विरघळून शोषण्याजोगं व्हायला आम्ल लागतं. बी-१२ अन्नातल्या प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सोडवायला आम्ल आणि पेप्सिन हा जठरातला पाचक रस लागतो, आणि पुढे ते शोषून घ्यायला लागणारा ‘इन्ट्रिन्सिक फॅक्टर’ हा पदार्थही जठरातल्या त्याच पेशी तयार करतात ज्या आम्ल तयार करतात. लेव्होथायरॉक्सिनची गोळी नीट विरघळायलाही आम्ल लागतं. जठराचं अस्तर झिजलेल्या रुग्णांना तिचा डोस जास्त लागतो हे इटालियन डॉक्टरांनी २००६ मध्ये दाखवून दिलं. आम्ल नसणं आणि रक्तातलं लोह उतरणं यांची सांगड तर क्नुड फाबेर या डॅनिश डॉक्टरांनी १९०९ मध्येच घातली होती. मला हे सगळं माहीत होतं. वेगवेगळ्या कप्प्यांत माहीत होतं, एवढंच.

एक अडचण मात्र उरली होती, आणि ती कुठल्याही वाचकाने आपल्या फाइलला लावून पाहावी अशी आहे. पॅन्टोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं घेतली तर ती एकटीच हे तिन्ही करू शकते. मग दोष जठराचा की गोळीचा? उत्तर रकान्यांत होतं. थायरॉइडचा डोस पहिल्यांदा वाढला आणि फेरिटिन पहिल्यांदा १० च्या खाली गेलं, ती दोन्ही वर्षं आम्लाच्या गोळीच्या आधीची होती. गोळीने भर घातली असेल, सुरुवात तिने केलेली नव्हती.

पॅन्टोप्राझोल थांबवली. एवढी वर्षं घेतलेली गोळी एकदम सोडली की बहुतेकांचं आम्ल काही आठवडे उसळून येतं आणि माणूस ‘बघा, मला गोळी लागतेच’ म्हणत परत येतो. बाईंना मी तशी ताकीद देऊन ठेवली होती, जळजळ झालीच तर घ्यायचं साधं अ‍ॅन्टासिडही लिहून दिलं होतं. दोन आठवड्यांनी ती बाटली सीलबंद परत आली. त्याला पुरावा म्हणता येत नाही, पण मी ती बाटली टेबलावर बराच वेळ ठेवली.

मग रक्त घेतलं. गॅस्ट्रिन या जठराच्या हॉर्मोनसाठी रात्रभराचा उपास लागतो, आणि नमुना बर्फात ठेवून लगेच वेगळा करावा लागतो, नाहीतर ते विघटित होऊन आकडा खोटाच खाली येतो. लॅबच्या मुलाला मी हे दोनदा बजावलं. त्याने तिसऱ्यांदा मलाच ऐकवलं.

रिपोर्ट आला: गॅस्ट्रिन ११४०. वरची मर्यादा साधारण १००.

बाईंचे यजमान फोनवर घाबरलेले होते. त्यांनी आकडा शोधला होता आणि शोधल्यावर गॅस्ट्रिन तयार करणाऱ्या गाठीचं, झोलिंजर-एलिसन सिन्ड्रोमचं पान उघडलं होतं. तो धाक अगदीच अनाठायी नव्हता, म्हणून हे जरा सावकाश सांगतो. गॅस्ट्रिन हा जठराच्या खालच्या भागातून निघणारा निरोप आहे: ‘आम्ल पाठवा’. आम्ल आलं की निरोप थांबतो. वरच्या मजल्यावर आम्ल तयार करणाऱ्या पेशीच संपल्या असतील तर खालचा बिचारा हाका मारत राहतो आणि आकडा हजारावर जातो. उलट गाठ असेल तर हाकाही चालू आणि आम्लाचा पूरही चालू. दोन्हीकडे गॅस्ट्रिन जास्त. फरक एकच, जठरात आत्ता आम्ल आहे की नाही. म्हणून नुसत्या गॅस्ट्रिनवर काहीही ठरवायचं नाही, आणि आम्लाची गोळी चालू असताना केलेल्या गॅस्ट्रिनवर तर मुळीच नाही. ती गोळीही तो आकडा चढवते.

दुसरे दोन आकडे शांत करणारे होते. पेप्सिनोजेन-१ हे जठराच्या वरच्या भागातल्या ग्रंथी तयार करतात. बाईंचं ९ होतं, ३० च्या खाली गेलं की ग्रंथी झिजल्याची दाट शंका घेतात. पेप्सिनोजेन-१ आणि २ यांचं प्रमाण ०.८, जे ३ च्या वर हवं. आम्ल तयार करणाऱ्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं पॉझिटिव्ह, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच जठरावर उलटल्याची, ऑटोइम्यून जठरदाहाची शंका. इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धची निगेटिव्ह आली, पण ती आजार असलेल्या अनेकांमध्ये सापडतच नाहीत, त्यामुळे त्या ‘निगेटिव्ह’ला मी फारसा भाव दिला नाही.

आता पुन्हा दुर्बीण. पोटविकारतज्ज्ञांना फोन केला तर पहिलं उत्तर आलं ते अपेक्षितच: “तीन वर्षांपूर्वी झाली आहे की, काही नव्हतं.” मी जुना रिपोर्ट पुन्हा वाचला. तुकडा घेतला होता तो फक्त जठराच्या खालच्या टोकाचा, एच. पायलोरीसाठी, तोही आम्लाची गोळी चालू असताना. गोळी चालू असली की ती चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आणि या आजारात खालचं टोक शाबूत असतं, झिजतो तो वरचा, मोठा भाग. तिथून काही घेतलंच नव्हतं. डोळ्यांना तो भाग बऱ्याचदा ठीकही दिसतो.

म्हणून चिठ्ठीत मी ‘अ‍ॅसिडिटी, अल्सर आहे का पाहावे’ असं लिहिलं नाही. लिहिलं ते असं: ‘लोह, बी-१२ आणि थायरॉक्सिन तिन्ही शोषले जात नाहीत. गॅस्ट्रिन ११४०, पेप्सिनोजेन-१ ९, गोळी थांबवून दोन आठवडे झाल्यावर. ऑटोइम्यून जठरदाहाची शंका. कृपया जठराच्या वरच्या आणि खालच्या भागाचे तुकडे वेगवेगळ्या डब्यांत, नावं घालून द्यावेत. जठररस मिळाल्यास पीएच पाहावा.’ तुकडे वेगळ्या डब्यांत ठेवावेत हा काही माझा हट्ट नव्हता, अमेरिकन गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२१ च्या सल्ल्यात तो आहे. सगळे तुकडे एकाच डबीत गेले की सूक्ष्मदर्शकाखाली कुठला कुठला हे कळत नाही, आणि कुठला हेच इथलं निदान आहे.

तज्ज्ञ भला माणूस. दुर्बीण आत असताना त्याने नळीतून थोडा रस ओढून घेतला आणि साध्या पीएच कागदाच्या पट्टीवर टाकला. निरोगी जठरात उपाशीपोटी पीएच १ ते २ च्या आसपास असतो, पट्टी लालभडक होते. बाईंची पट्टी हिरवी झाली, ७ च्या जवळ, पाण्यासारखी. बाईंनी पाच दिवस सोडा पिऊन जे शोधलं होतं, ते त्या चिटोऱ्यावर दोन सेकंदांत उमटलं. त्याने फोटो काढून मला पाठवला, खाली फक्त ‘घ्या’ लिहिलेलं.

बायोप्सीचा रिपोर्ट आठवड्याने आला. खालचा भाग जवळपास ठीक. वरच्या भागातल्या आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झिजून गेलेल्या, काही ठिकाणी जठराच्या अस्तराने आतड्याच्या अस्तराचं रूप घेतलेलं, सततच्या गॅस्ट्रिनमुळे काही अंतःस्रावी पेशींची वाढ. एच. पायलोरी नाही. शरीराच्याच प्रतिकारशक्तीने जठरावर केलेला हल्ला, ऑटोइम्यून जठरदाह. थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार असलेल्यांत तो इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो.

उपचार लिहायला फार नाही. गेलेल्या ग्रंथी परत आणणारं औषध नाही. पॅन्टोप्राझोल कायमची बंद. बी-१२ ची इंजेक्शनं, लोह शिरेतून. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन १२.४, फेरिटिन ७२. थायरॉइडचा डोस १२५ वर थांबला. उतरला नाही, पण चढायचा राहिला. कॅल्शियम लागलंच तर कार्बोनेटऐवजी सायट्रेट, कारण कार्बोनेट विरघळायला पुन्हा तेच आम्ल हवं. दर तीन वर्षांनी दुर्बीण, कारण अशा जठरात गाठी आणि कर्करोग यांची शक्यता थोडी वाढते. हे त्यांना स्पष्ट सांगितलं. आम्लाच्या कॅप्सूलचं बाईंनी पुन्हा विचारलं. त्या कॅप्सूलने काही बदल होतो असा भरवशाचा पुरावा नाही, आणि एका कॅप्सूलमधलं आम्ल जठर जेवणाला जेवढं सोडतं त्याच्या मानाने फारच थोडं असतं. नाही म्हटलं.

पोट फुगणं अर्ध्याने कमी झालं. अर्धं आहे. थोडंथोडं खाल्लं की बरं वाटतं म्हणतात. ‘आम्ल कमी सापडलं, आता पोट पहिल्यासारखं’ असं झालं नाही, हे मुद्दाम नोंदवतो. धाप मात्र पूर्ण गेली.

शेवटच्या भेटीत बाईंनी सोड्याची वही पुन्हा बाहेर काढली.

“म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं की, डॉक्टर.”

“उत्तर बरोबर, रीत चूक. तुम्ही वर्गात अशाला किती मार्क देता?”

“अर्धे.”

“मग अर्धे घ्या.”

“आणि तुम्हाला?”

मी फाइल पुढे ओढली आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहिली. जाताना त्यांनी धाकट्या बहिणीचं विचारलं, तिलाही थायरॉइड आहे, तिचंही गॅस्ट्रिन करून घ्यावं का? बहिणीला पोटाची तक्रार नाही, डोस चार वर्षं ५० वरच आहे. मी फक्त हिमोग्राम, फेरिटिन आणि बी-१२ लिहून दिलं. तिन्ही ठीक आले. गॅस्ट्रिन केलं नाही.